भुंकणारा खोकला आणि लबाड दुभाषा

आमच्या पोरीचा खोकला अमेरिकेत रेडमंडमधल्या तीन अपार्टमेंट कॉम्प्लेक्सना ऐकू जायचा. पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म त्याने वाजायचे. बायको हे वाचून म्हणते, एकाच गाडीचा वाजला होता, आणि तोही कचऱ्याचा ट्रक मागे येताना. बरं, एकाच गाडीचा. पण खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात तक्रार केली होती, की वरच्यांनी परवानगी न घेता कुत्रा पाळलाय, हे मात्र शंभर टक्के खरं. मॅनेजरबाई वही घेऊन कुत्रा बघायला आली. आम्ही तिला साडेतीन वर्षांची, गुलाबी मोज्यांतली मुलगी दाखवली. मुलगी तिच्या तोंडावरच खोकली. मॅनेजरबाई दोन पावलं मागे सरकली आणि वहीत काहीतरी खोडून निघून गेली.

दोन हजार चारच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. खोकला सप्टेंबरात सुरू झाला आणि गणपती, दिवाळी, थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस असे दोन्ही देशांचे सण मागे टाकत निघाला. कफ नाही, ताप नाही. पितळेच्या घंगाळावर कुणी लाटणं हाणावं तसा कोरडा आवाज. हसली की खोकायची, रडली की खोकायची, पळाली की खोकायची, आणि जेवायला बसली की विचारूच नका.

जेवण हा तर वेगळाच प्रयोग होता. पोरगी मान मागे टाकून, छताकडे बघत जेवायची. एक वाटी भाताला पावणेदोन तास. तेवढ्या वेळात आमच्या टीमने सॉफ्टवेअरचं एक अख्खं व्हर्जन बाजारात आणलं असतं आणि परत मागवलंही असतं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं, एक स्मोक अलार्म होता. आम्ही म्हणायचो, हिला त्या लाल दिव्याचं वेड आहे. आईबाप कारण शोधायला बसले की दिवासुद्धा पुरतो.

ऑक्टोबरात माझ्या सासूबाई विदर्भातल्या आर्वीहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांनी दोन दिवस नातीचं जेवण नुसतं बघितलं, तिसऱ्या दिवशी चमचा हातात घेतला आणि गुरगुट्या भात सुरू केला. भात इतका शिजवायच्या की तांदळाला आपण कधीकाळी दाणा होतो हे आठवू नये. त्यात वरण, तूप, मीठ, सगळं हाताने घोटून. पोळी दुधात कुस्करून, सफरचंद वाफवून, बटाटा दाबून. पोरीचं जेवण पाऊण तासावर आलं. घरात आनंदीआनंद. "आजीच्या हाताला चवच तशी आहे," बायको म्हणाली.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "जावईबापू, हे चवीचं काम नाही. लेकराच्या नरड्यात घास अटकते. जरा घट्ट दिलं का मान मागं टाकते, अन् मंग खोकते. डाक्तरीनबाईले सांगजा बरं."

"हो, सांगतो की."

क्लिनिकला दर वेळी मीच न्यायचो. बायकोचे सकाळचे कॉलेजचे क्लास असायचे, आणि लायसन्सच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, त्यातल्या एका वेळी परीक्षकच गाडीतून लवकर उतरला होता. तेव्हा मागच्या सीटवर पोरगी, तिच्या शेजारी शाल गुंडाळलेल्या सासूबाई. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. म्हणजे मी बाप, ड्रायव्हर आणि दुभाषा अशा तिन्ही नोकऱ्या एका पगारात करायचो.

डॉक्टरबाई उंच, शांत, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. एका जागी मिनिटभरही न बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला अशी शांत माणसं बघूनच घाम फुटतो. मी तपासणीच्या त्या छोट्या खोलीत येरझाऱ्या घालायचो. साडेतीन पावलं, वळा, साडेतीन पावलं. पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या, डे-केअरमधला व्हायरस. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, अ‍ॅलर्जी असेल. घरात कुणी सिगरेट ओढतं का? कसला धूर होतो का?

इथे मी पूर्ण प्रामाणिकपणे फोडणीचं सांगितलं, आणि त्या नादात घासाचं राहूनच गेलं. तेल तापवतात, मोहरी उडते, हिंग, मिरची, मग शेजारचे लोक खिडक्या लावून घेतात. डॉक्टरबाईंनी ते मन लावून लिहून घेतलं आणि महिनाभर बंद करायला सांगितलं. तीन आठवडे आमच्या घरात फोडणी झाली नाही. बायको बाल्कनीत कोट घालून कढल्यात मोहरी तडतडवायची, तर पावसाचा थेंब पडून कढलंच तडतडायचं. सासूबाई बिनफोडणीच्या वरणाकडे बघून म्हणायच्या, "सुतक कोनाचं हाय, ते तरी सांगा." खोकला जसाच्या तसा.

आता वरच्या मजल्यावरच्या पुणेकराची ओळख करून द्यायला हवी. तो आमच्याच ऑफिसात होता आणि त्याला अमेरिकेतलं सगळं माहीत असायचं. डिसेंबरात पार्किंगमध्ये मला बाजूला घेऊन म्हणाला, "वजन किती आहे रे तुझ्या पोरीचं? कमी वाटतेय. डॉक्टरला जेवणाच्या तक्रारी सांगत बसू नकोस हं."

"का?"

"अरे यार, ओहायोत एक कपल होतं, आपलंच. डॉक्टरला म्हणाले, पोरगं खात नाही, जबरदस्तीने भरवावं लागतं. संपलं! दुसऱ्या दिवशी सरकारी बाई दारात. मुलगा नेला. आठ महिने कोर्टात! आईला आठवड्यातून एकदा काचेतून दाखवायचे."

"काचेतून?"

"काचेतून."

मला ते लगेच पटलं. व्हिसावर आलेला माणूस असाच असतो. कुणी "लेटर आलंय" एवढं म्हटलं तरी तो मनातल्या मनात बॅगा भरायला घेतो. ती काच मला ऑफिसात दिसायला लागली, मीटिंगमध्ये दिसायला लागली.

त्याच आठवड्यात तिसरी खेप. डॉक्टरबाईंनी वजनाचा तक्ता समोर धरला. आमच्या पोरीचा ठिपका सगळ्यात खालच्या रेघेला लोंबकळत होता. "जेवण कसं आहे हिचं?" त्यांनी विचारलं.

आणि मी सुटलो. म्हटलं, जेवण? अहो, आमच्याकडे तिच्या जेवणाचीच चर्चा असते. पोळी खाते, गाजर कच्चं खाते, सफरचंद सालासकट. मक्याचं कणीस तर दातांनी सोलून काढते. बदाम? कडाकड फोडते! बारीक आहे ती आमच्या घराण्यामुळे. माझे आजोबा इतके बारीक होते की वारा सुटला की त्यांना खिशात दगड ठेवावे लागायचे.

"काय म्हनते ते?" सासूबाईंनी विचारलं.

"जेवणाचं विचारतायत."

"मंग सांगा नं, घास अटकते म्हनून! मऊ केल्याबिगर एक कन खाली जात नाही, हेही सांगा."

डॉक्टरबाई हसून सासूबाईंकडे वळल्या. "आजी काय म्हणतायत?"

"आजी म्हणतायत," मी म्हणालो, "किती शिजवलं तरी हिला पुरत नाही."

डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. त्यांनी लिहिलं, आहार उत्तम. छातीचा एक्स-रे काढला, फुप्फुसं स्वच्छ होती. मग दमा ठरला, आणि वाफ देणारं एक मशीन घरी आलं. पोरीच्या नाकातोंडावर मास्क लावून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं बसवायचं. त्या औषधाने तिचे हात थरथरायचे, पाय थांबायचे नाहीत, ती सोफ्यावरून टेबलावर आणि टेबलावरून माझ्या पाठीवर. घरात आता न बसणारी माणसं दोन झाली. खोकला? तो ऐकून खालच्या म्हातारीने दुसरी तक्रार केली. तिच्या मते आता कुत्रे दोन होते.

गाडीत परत येताना सासूबाईंनी विचारलं होतं, "सांगतलं नं तुमी?"

"सांगितलं, आई."

"येवढं सांगतलं, अन् ते हासली?"

मी रेडिओ लावला.

संक्रांतीच्या शनिवारी दुपारी त्याच पुणेकराकडे हळदीकुंकू होतं. बायका आत, पुरुष बाहेरच्या खोलीत क्रिकेटवर भांडतायत, पोरं सगळीकडे. मी ताटलीतला एक तिळाचा लाडू उचलला आणि पोरीच्या हातात दिला. मी इतके दिवस ती बदाम फोडून खाते म्हणून सांगत सुटलो होतो, की आता माझाच त्यावर विश्वास बसला होता. दुसरं काही कारण मला आजही सापडत नाही. "खा," म्हटलं, "गोड गोड बोल."

तिने तो तोंडात टाकला. मान मागे टाकली. खोकला आलाच नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या गळ्यातून काही आवाज येईना. डोळे मोठे झाले, ओठांचा रंग बदलला. मी नुसता उभा होतो. जन्मात कधी स्थिर न राहिलेला मी, त्या क्षणी खांबासारखा उभा. आतून सासूबाई धावत आल्या, त्यांनी पोरीला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीत पाच धपके घातले. लाडू गालिच्यावर पडला. पोरगी भुंकली. तो आवाज मला त्या दिवशी सनईसारखा वाटला.

"नाइन-वन-वन करू का?" पुणेकर फोन घेऊन उभा. बायको तोवर तिला कुशीत घेऊन क्लिनिकच्या नर्सशी बोलत होती. नर्सने सांगितलं, परत असं झालं तर ताबडतोब अँब्युलन्स बोलवा, नाहीतर सोमवारी पहिल्या वेळेला या, आणि तोवर घट्ट काही देऊ नका.

मी पुणेकराला कोपऱ्यात घेतलं. "ते ओहायोतलं कपल. तुला कुणी सांगितलं होतं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अरे, तूच तर! मागच्या वर्षी पॉटलकच्या जेवणाला. श्रीखंड वाढून घेताना. सगळ्यांना रडायला आलं होतं यार!"

मला आठवलं. अर्धवट कुठेतरी ऐकलेली, की मीच रचलेली, पण सांगितली होती खरी. काच मात्र माझी नव्हती, ती त्याने नंतर बसवली होती. माझ्याच थापेला शेपूट फुटलं आणि ती मलाच चावून गेली. एरवी हा किस्सा मी दहा जणांना रंगवून सांगितला असता. त्या दिवशी नुसते बूट घातले.

घरी जाताना गाडीत बायकोने विचारलं, "डॉक्टरला माहीत आहे ना, हिला घट्ट गिळता येत नाही ते?"

वायपर इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"मी काय विचारतेय?"

"म्हणजे तसं... जेवणाचा विषय निघाला होता."

"आणि तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं. कणीस, बदाम, आजोबांच्या खिशातले दगड. मागच्या सीटवर सासूबाई ऐकत होत्या. "अन् मी काय म्हनली म्हनून सांगतलं?" त्यांनी विचारलं. मी तेही सांगितलं. त्यावर पहिली बोलली ती पोरगी. ती म्हणाली, "बाबा, आय डोन्ट लाइक लाडू."

सोमवारी बायकोने क्लास बुडवला. क्लिनिकमध्ये मला वाटलं, आता ही डॉक्टरबाईंना सगळं सांगून टाकेल आणि मी खिडकीतून बाहेर बघेन. तर ती पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "तू बोललास ना? तूच सांग. मी शब्द बोलणार नाही."

मी येरझाऱ्या घालायला लागलो. "बस," बायको म्हणाली. मी बसलो.

मी म्हणालो, मी खोटं बोललो होतो. ती बदाम खात नाही. ती काहीच घट्ट खात नाही. तुम्ही मुलगी काढून घ्याल अशी मला भीती वाटली. डॉक्टरबाई रागावतील, निदान भुवया तरी वर करतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली, डोळ्यांवर आणला. "आजींना विचारा, त्यांनी काय काय बघितलं," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी त्या बोलतील तेवढंच मला सांगा."

सासूबाई सरसावून बसल्या. तीन महिन्यांचं साठलेलं होतं. भात घोटून देतो. पोळी भिजवल्याशिवाय उतरत नाही. पाणी पिते ते सरळ जाते. घासाला मान मागे टाकते. झोपेतही मान मागेच असते. खोकला घासाच्या मागोमाग येतो. मी एकेक वाक्य उचलून पलीकडे ठेवत गेलो, मीठमसाला न लावता. इतकं अवघड काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "हे बी सांगा, का माह्या हातानं मऊ करून करून म्याच हे झाकून टाकलं." हे मला इंग्रजीत सांगता येईना. बायकोने सांगितलं.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून सासूबाईंच्या समोर बसल्या. "त्यांना सांगा, एवढ्या दिवसांत मला उपयोगी पडणारं पहिलं वाक्य त्यांचं आहे."

दोन दिवसांनी पोरीला पांढरं, खडूसारखं औषध पाजून पडद्यावर तिची अन्ननळी बघितली. बाहेरून कुणीतरी बोटांनी चिमटीत धरल्यासारखी ती दोन्ही बाजूंनी आणि मागूनही आत दबली होती. मग मोठं स्कॅन. मग डॉक्टरबाईंनी आम्हांला बोलावून कागदावर चित्र काढलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका बाजूने कमान करून खाली जाते. आमच्या पोरीत तिला दोन फाटे फुटले होते, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि मागे जाऊन दोघे परत जुळले होते. त्या कड्याच्या मधोमध श्वासनळी आणि अन्ननळी. जन्मापासून. खोकला फुप्फुसाचा नव्हताच. हृदयाच्या दर ठोक्याला ते कडं श्वासनळी आवळत होतं, आणि पोरगी वाढली तसं जास्तच. "हे फार क्वचित बघायला मिळतं," त्या म्हणाल्या. "जुना एक्स-रे मी परत बाहेर काढून बघितला. आम्ही सगळे फुप्फुसांकडे बघत होतो, मधे कुणी बघितलं नाही."

सासूबाईंना मी चित्र समजावलं. त्यांनी कागद उलटा-सुलटा केला. "म्हंजे कापा लागन?"

"हो."

"मंग कापा. काहून बसले?"

फेब्रुवारीत मुलांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डाव्या बरगड्यांमधून आत जाऊन दोन फाट्यांपैकी बारीक असलेला कापायचा, टोकं शिवायची. वेटिंग रूममध्ये त्यांनी आम्हांला हॉटेलात टेबल रिकामं झालं की थरथरतो तसा एक पेजर दिला. तो हातात घेऊन मी त्या मजल्यावर किती चाललो ते सांगत नाही. सांगितलं तर बायको खोडेल, आणि या वेळी मी खरंच बोलत असेन. सासूबाई खुर्चीत पाय वर घेऊन, डोळे मिटून बसल्या होत्या. माझ्या दर फेरीला एक डोळा उघडून म्हणायच्या, "फरशी झिजन."

पेजर थरथरला. सर्जन बाहेर आले, मास्क गळ्यात. कडं तुटलं, म्हणाले. तोडल्याबरोबर दोन्ही टोकं आपोआप लांब सरकली, इतका ताण होता. बायको आईला सांगायला वळली. मी त्यांचा हात इतका वेळ हलवला की त्यांना तो ओढून घ्यावा लागला.

संध्याकाळी पोरगी जागी झाली. नळ्या, पट्ट्या, सुजलेले डोळे. आम्ही तिघे पलंगाच्या कडेला वाकलो. तिने आमच्याकडे बघितलं आणि खोकली. तोच खोकला. घंगाळ, लाटणं, सगळं तसंच. बायकोने माझा दंड घट्ट धरला. नर्स म्हणाली, हे चालायचंच, आणि बायकोला ते पटलं. मला पटलं नाही.

घरी आल्यावर तीन आठवडे मी तो खोकला मोजला. ऑफिसातून फोन करून विचारायचो, किती? बायकोने शेवटी फोन उचलायचं बंद केलं. मार्चमधल्या एका दुपारी मी अपॉइंटमेंट न घेताच पोरीला उचलून क्लिनिकला गेलो. डॉक्टरबाईंनी तिची पाठ ऐकली, छाती ऐकली, तिला खोलीभर पळायला लावलं, परत ऐकलं.

"साडेतीन वर्षं ती नळी दाबलेली होती," त्या म्हणाल्या. "त्या जागी ती मऊ पडलीय. मुलगी वाढेल तशी नळी घट्ट होईल. तोवर खोकला येणार. वर्षभरसुद्धा."

"मग मी काय करू?"

"काही नाही."

"औषध?"

"नाही."

"व्यायाम? वाफ? फोडणी बंद करू?"

"फोडणी करा," त्या म्हणाल्या. "आणि वाट बघा."

वाट बघा! कुणाला सांगत होत्या! मी चाव्या वाजवत बाहेर आलो. पाऊस थांबला होता, पार्किंगमध्ये जागोजागी पाणी साठलं होतं. पोरीने माझा हात सोडला आणि पळत सुटली, थेट पाण्यातून. मी मागे. ती थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून दोनदा भुंकली, एका कुत्रेवाल्या बाईने वळून बघितलं, आणि ही परत पळाली. "बाबा, कम ऑन!"

मी धावत धावत कान देत होतो. पूर्वी दोन खोकल्यांच्या मधल्या श्वासाला एक बारीक शिट्टी असायची, आम्हांला तिची इतकी सवय झाली होती की ऐकू यायचीच बंद झाली होती. आता खोकला होता, बुटांखाली पाणी उडत होतं, आणि मधे काहीच नव्हतं. मी तिला गाडीपाशी गाठलं, खाली बसलो आणि तिच्या तोंडाजवळ कान नेला. तिला वाटलं, मला काहीतरी गुपित ऐकायचंय. ती माझ्या कानाशी तोंड लावून नुसतीच उभी राहिली, श्वास घेत.